अब्बांची रायफल कुणाच्या नावावर?

मंडळी, डोकं नुसतं भणभणलंय, म्हणून ग्रुपवर लिहायला बसलोय.

संध्याकाळी ऑफिसहून परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, शेजारी लेक. तेवढ्यात गावाहून गणपतचा फोन. आमच्या शेताला लागूनच त्याचं शेत आहे.

"डुकरांनी भाताची वाट लावली रे. तुझ्या अब्बांची रायफल ते गेल्यापासून पोलीस ठाण्यात गंजतेय. ये, नावावर करून घे नि दुरुस्त कर."

आम्हा मुसलमानांना डुक्कर हराम. पण पीक राखायचा परवाना अब्बांकडे होता, म्हणून डुक्कर उतरलं की वाडीचं बोलावणं त्यांनाच यायचं. ते गोळी घालायचे आणि जवळही न जाता माघारी फिरायचे. मटण वाडीत वाटलं जायचं. कापणीनंतर नव्या तांदळाची पहिली टोपली मात्र आमच्या पडवीत यायची.

मी जन्मात रायफल चालवलेली नाही. म्हटलं, "बघतो, इन्शाल्ला."

गणपत म्हणाला, "तुला जमत नसेल तर ना-हरकत दे. मी माझ्या नावावर अर्ज करतो."

किती सरळ बोलला! आणि मी ओरडलो, "अजिबात नाही! मीच येतो!"

लेक म्हणाली, "बट अब्बा, व्हेन? यू गेट ओन्ली वन मंथ लीव्ह."

घरी आल्यापासून येरझारा घालतोय. बायको म्हणते, देऊन टाका, खलास. मग तीच आठवण करून देते, गेल्या कापणीला अब्बा नव्हते, तरी टोपली आली होती.

सांगा, उद्या गणपतला काय कळवू?