जाऊबाईंचा निरोप

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, कळंबच्या चिंतामणीपुढे हात जोडतानाही नाही — तिथं तर डोळे मिटून भलतंच काही मागत आले. आता तुम्हाला लिहून सांगते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात आम्ही दोघी सुना. मोठ्या जाऊबाई, आणि मी, नवी. एका सकाळी पाठ चोळायला म्हणून त्यांनी मला न्हाणीत बोलावलं, आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत गाठ होती. सुपारीसारखी टणक. मी हात ओढून घेतला — जणू ती मलाच लागणार होती!

"दुखत नाही वं," त्या म्हणाल्या. "पण मले भेव वाटून राह्यलं. यवतमाळच्या दवाखान्यात दाखवावं वाटते. तू आत्याबाईले विचार. मले लाज वाटते."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांचा नुसता आवाज आला तरी मी दाराआड व्हायची. पण खरंच तेवढंच होतं का? कापसाची वेचणी तोंडावर आली होती. जाऊबाई दवाखान्यात गेल्या तर शेत, चूल, सासू — सगळ्यापुढे मी एकटी. हेही मनात आलं. खरं सांगू? आधी हेच आलं.

मी गेले. आत्याबाई ओसरीवर डाळ पाखडत होत्या. "काय वं?" त्यांनी मान वर केली.

"काही नाही," म्हटलं, आणि परत फिरले.

जाऊबाई चुलीपाशी वाट पाहत होत्या. त्यांना म्हटलं — कसं म्हटलं मी? — "आत्याबाई नाही म्हणते. वेचणी झाल्यावर पाहू म्हणते."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. वेचणी झाली, उन्हाळा आला, गाठ फुटली. पदराआड चिंध्या बांधून त्या भाकरी थापत राहिल्या. वास लपेना, तेव्हा कुठे आत्याबाईंना कळलं. त्यांनी लगेच बैलबंडी जुंपायला लावली, आणि यवतमाळपर्यंत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

घरी आणल्यावर आत्याबाई पेज भरवायला बसायच्या, आणि जाऊबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. मी दारात उभी. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? रोज जीव मुठीत — आज त्या आत्याबाईंना विचारतील, तुम्ही नाही काहून म्हटलं, आणि मी पकडली जाईन. त्यांनी विचारलं नाही. त्या गेल्या, आणि मला — लिहायला हात धजत नाही — सुटल्यासारखं वाटलं.

बाया म्हणाल्या, अंगावर काढलं बिचारीनं. मीही मान हलवली.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं मीच केलं. एकदा माझं मनगट धरून त्यांनी विचारलं, "थोरली माह्यावर काहून रुसली होती वं? मी काय केलतं तिचं?"

"मले काय मालूम," मी म्हटलं, आणि त्यांचं तोंड पुसलं.