बदली थांबवणारं दुखणं

माझी ताई पडदे शिवते. कापड हातात घेऊन दोन टिपा मारल्या आणि झालं, असलं शिवणं नव्हे. अस्तर लावलेला, छतापासून जमिनीपर्यंतचा जड पडदा एका ओळीत पडावा, खालची कड कुठेही आंबट तोंड करून बसू नये, हे तिचं काम. पडद्यांच्या दुकानाचा मालक स्वतःच्या बायकोवर ठेवत नसेल एवढा विश्वास ताईच्या हातावर ठेवतो. अवघड माप आलं की म्हणतो, "हे वहिनींकडे द्या." हे सगळं आजचं. मधली नऊ वर्षं तिला स्वतःची वेणीसुद्धा धड घालता येत नव्हती.

एक साधा ताप आला होता. ताप आठवड्यात उतरला, पण दुखणं मागे ठेवून गेला. आज मान, उद्या कंबर, परवा दोन्ही मांड्या. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर पोती वाहून आल्यासारखी दमलेली. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, स्कॅन झालं. सगळं नॉर्मल. या 'नॉर्मल' शब्दाने ताईचं जेवढं वाटोळं केलं तेवढं दुखण्यानेही केलं नसेल. डॉक्टर तो शब्द उच्चारून मोकळे व्हायचे आणि घरचे तो शब्द उचलून तिच्या डोक्यात हाणायचे.

तिच्या सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं. दुखलं तरी कामं व्हायची." या त्याच सासूबाई, ज्यांना दोन शिंका आल्या तर घरात कोणी चढ्या आवाजात बोलायचं नाही. मग पाहुण्यांची रांग. एकाने चुंबकाचं कडं आणलं, एकाने उलटं चालायला सांगितलं. एक चुलतसासरे होते, त्यांच्या पोटाचा घेर शर्टात मावत नसे; ते सोफ्यावर रेलून ताईला कंबर कशी सांभाळावी ते शिकवायचे. मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते, मूर्खपणाची मला सवय आहे. पण तिथे निदान समोरच्याला गाडी तरी पकडायची असते. इथे सगळ्यांना मुक्कामच ठोकायचा होता.

आता आमच्या भाऊजींकडे वळते. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल, म्हणजे पाइप, मीटर आणि रबरी वायसर यांचे राजे. भांडार घरापासून चालत जाण्याएवढं जवळ. दुपारी घरी जेवण, त्यावर वामकुक्षी, मग पुन्हा खुर्ची. या खुर्चीवर तीन वर्षांच्या वर कोणाला बसू देत नाहीत, असा खात्याचा नियम आहे. पुढची नेमणूक गावाबाहेर, लांब माळावरच्या पंपघरात. सोबतीला मोटारीची घरघर आणि एक पहारेकरी. त्या पंपघराचं नाव काढलं की भाऊजी विषय बदलायचे.

पण त्यांची बदली होत नव्हती. बदलीचे वारे वाहू लागले की ते साहेबांसमोर जाऊन उभे राहायचे. खांदे पाडून, आवाज बारीक करून सांगायचे, "साहेब, बायको अंथरुणाला खिळलीय. मी गेलो तर तिचं कोण करणार?" आणि साहेब विरघळायचे. एवढं आटोपून भाऊजी घरी यायचे, बूट काढायचे आणि त्याच बायकोला म्हणायचे, "ऊठ आता. पुरे झालं नाटक."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "भाऊजी, ऑफिसात ती आजारी आणि घरी नाटकी, असं कसं?" त्यावर ते हसले आणि म्हणाले, "व्यवहार वेगळा, घर वेगळं." लाज नावाची वस्तू त्यांच्या भांडारात कधी आलीच नसावी.

मग एका कंटाळलेल्या डॉक्टरांनी ताईला रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे ढकललं. बाई श्वास शिकवतात असं ऐकून मला हसूच फुटलं. जन्मल्यापासून आपण दुसरं करतोय तरी काय! शिवाय मला त्या सगळ्या बाजाराचाच तिटकारा आहे. मोबाइलमधला तो मधाळ आवाज, 'स्वतःवर प्रेम करा' वगैरे. जिला नळाची तोटी पिळता येत नाही तिने आधी प्रेम कसलं करायचं? पण या बाई तशा नव्हत्या. मधाळ तर मुळीच नव्हत्या. सतत घाईत, टेबलावर थंड झालेला चहा. ताईच्या सगळ्या तपासण्या त्यांनी नीट पाहिल्या, तासभर प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे. कुठे काही मोडलेलं नाही, तरी खरं आहे. दारावरची घंटा अडकून बसलीय. दारात कोणी नाही, पण ती वाजतेय. तुम्ही घाबरलात की आणखी जोरात वाजते. आपण तिला हळूहळू शांत करायचं."

ताई तिथेच रडायला लागली. घंटेचं तिला पुढे केव्हातरी कळलं. रडली ती 'खरं आहे' एवढं ऐकून.

शिकवणी साधी होती आणि म्हणूनच अवघड. पडून पोटावर हात ठेवायचा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. दुखतंय तिथे लक्ष न्यायचं, पण भांडायचं नाही. कापडाचा रंग बघावा तसं नुसतं बघायचं. मग ज्या हालचालीची सगळ्यांत भीती वाटते ती चिमूटभर करायची आणि भीती वाढायच्या आत थांबायचं. ताईला भीती होती शिलाई मशीनच्या पायडलची. ते दोन मिनिटं मारलं की कंबरेपासून टाचेपर्यंत आग व्हायची. शिवाय सुई चालायला लागली की टीप सरळ येते का, दोरा तुटतो का, दुकानाला कधी द्यायचं, असं सगळं डोक्यात घोंगावायचं. म्हणून तिने स्वतःच एक शक्कल लढवली. मशीनचा पट्टा चाकावरून काढून टाकला. पायडल हले, सुई ढिम्म. ना कापड, ना दोरा. नुसते पाय आणि लांब सोडलेला श्वास.

घरात हशा पिकला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची सून हल्ली हवा शिवते." भाऊजी विचारायचे, "काय, आज किती वार हवा झाली?" ताई पायडल मारत राही. मला मात्र वाटायचं, एकदा पट्टा घ्यावा आणि मशीन सोडून दुसरीकडे वापरावा.

चमत्कार वगैरे झाला नाही. चमत्कार ज्यांना हवे असतात ते तिसऱ्या दिवशी कंटाळतात. एक बरा आठवडा, मग दोन वाईट. कधी पाय पायडलला लावायचाही धीर व्हायचा नाही. बाई म्हणायच्या, "आज जेवढं जमलं तेवढं." वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. ताईने पट्टा पुन्हा चढवला, आधी उशांचे अभ्रे शिवले, मग खिडकीचे छोटे पडदे. एके दिवशी ती पायी दुकानात गेली आणि पायीच परत आली. मला फोन करून तिने वाटेत लागलेली दुकानं एकेक करून सांगितली. मी ती यादी तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली.

आता घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. भाऊजींचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. शेवटी ते ताईला म्हणाले, "तू बरी झालीस हे चांगलंच आहे. पण जरा बेताबेताने बरी हो."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांच्या डोळ्यांवर यायला नको. बदल्यांचे दिवस जवळ आलेत. खात्यातला माणूस घरी डोकावला तर जरा पडून राहा."

आणि एक माणूस डोकावलाच. भाऊजींच्या ऑफिसातला कारकून, वाटेवर होता म्हणून आला. क्षणात पलंगावर चादर पसरली गेली आणि ताईला तिच्यावर आडवं केलं गेलं. सासूबाई कानाशी पुटपुटल्या, "जरा कण्ह." माझी बहीण कण्हली. तो माणूस चहा पीत तासभर बसला आणि ताई तासभर अंग आवळून पडून राहिली, श्वास कोंडून, तोंड वाकडं करून.

दुसऱ्या दिवशी मान धरली. मग कंबर, मग मांड्या, सगळी जुनी बिऱ्हाडं परत आली. फिजिओथेरपिस्ट बाई चिडल्या. "तुम्ही जे करून दाखवाल तेच शरीर शिकतं. तासभर त्याला काय शिकवलंत? हे असंच चालू ठेवलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि तेवढी ताकद दर वेळी येईलच असं नाही." पुन्हा पायडलपाशी पोचायला ताईला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत तिचा निर्णय झाला होता.

यंदा साहेब नवे आले. त्यांनी जुने अर्ज चाळले, भाऊजींचा अर्ज वेगळा काढला आणि निरोप धाडला, की मी स्वतः घरी येऊन पेशंटला भेटतो. भाऊजींची पाचावर धारण बसली. त्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून मी ताईकडेच होते. मला घालवून द्यायचे बरेच प्रयत्न झाले, पण मी खुर्चीला चिकटून बसले.

भाऊजी ताईला विनवत होते. "तासाभराचा तर प्रश्न आहे."

"मागच्या तासाने माझे दोन महिने खाल्ले," ताई म्हणाली.

"अगं, मला पंपघरावर टाकतील. तिथे साप आहेत!"

"मी पडणार नाही."

तेव्हा भाऊजींनी ते वाक्य म्हटलं. "नऊ वर्षं फुकटात नाटक केलंस. आता एकदा माझ्यासाठी केलंस तर काय बिघडलं?"

मी उठणार होते. ताईने हातानेच मला बसवलं. तेवढ्यात साहेब दारात आले.

बैठकीत पलंग तयार होता. उशाशी औषधांच्या बाटल्या मांडलेल्या, त्यातल्या निम्म्या सासूबाईंच्या खोकल्याच्या. पलंगावर मात्र कोणी नव्हतं. ताई आतून आली, भिंतीकडची जड लाकडी खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली आणि साहेबांसमोर ठेवली.

"बसा ना."

साहेब बसले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पेशंट कुठे आहेत?"

"मीच ती. नऊ वर्षं आजारी होते. आता बरी आहे."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. त्यांचा आवाज थंड होता. "नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई अशी खुर्ची उचलत नाही. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खात्याला फसवत होता. बदलीचं मी बघतो, पण ही भानगड चौकशीची आहे. नोकरीवर येईल."

भाऊजी ताडकन उठले. नोकरीचं नाव निघाल्यावर त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"नाही साहेब! शपथ घेऊन सांगतो, खरंच आजारी होती ती. भिंतीला धरून न्हाणीघरात जायची. केस विंचरता यायचे नाहीत, फणी हातातून पडायची. रात्री कळ आली की ओरडू नये म्हणून उशीचा कोपरा दातात धरायची. तासन् तास. मी शेजारीच पडलेला असायचो साहेब. डोळे मिटून असायचो, पण मला सगळं ऐकू यायचं. हे कोणी नाटक म्हणून करतं का?"

सासूबाईंनीही री ओढली. "हो हो, फार सोसलं हो पोरीने."

साहेबांना पटलं. न पटायला काय झालं, प्रत्येक शब्द खरा होता. चौकशी होणार नाही, बदली होईल, असं सांगून ते चहा न घेता गेले. भाऊजी हुश्श करून पलंगावर टेकले आणि रुमालाने मान पुसायला लागले.

ताई अजून तिथेच उभी होती. तिने अगदी हळू विचारलं, "तुम्ही जागे असायचात?"

भाऊजी रुमालाची घडी घालायला लागले. तिने पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभरात ते पंपघरावर रुजू झाले. तिथे राहायला दोन खोल्या मिळतात, बायकोने बरोबर जायची पद्धत आहे. ताई गेली नाही. सासूबाईंनाही त्यांच्या लाडक्या मुलाबरोबर पाठवून दिलं. नातेवाईक अजून विचारतात, "का गं, तब्येतीमुळे गेली नाहीस का?"

ताई म्हणते, "हो, तब्येतीमुळेच."