खुर्ची सोडून खाली आलेली आक्का

या, अशा जवळ बसा. दारात उभं राहून काय ऐकू येणार तुम्हाला? आणि हे काय, आल्या आल्या कंटाळलेलं तोंड! ऑफिसात मन लागत नाही म्हणता, पण नक्की कशात लागत नाही ते विचारलं की गप्प. आमची आक्का असती तर तिने तुम्हाला असं सोडलं नसतं. तिने तुमचा हात हातात घेतला असता, उलटा करून, सुलटा करून पाहिला असता आणि म्हटलं असतं, "कशात रमतो गं हा हात?"

हात बघायची म्हणजे भविष्य नव्हे बरं का. कामावर नवीन आलेल्या प्रत्येक बाईला ती हेच विचारायची. बाया बिचकायच्या. काम मागायला आलेल्या माणसाला कशात रमतं म्हणून कोण विचारतं? मी तर म्हणाले होते, "आक्का, पोटासाठी आलेय, रमायला नाही." तर म्हणाली, "पोट तर भरंलच गं. पण दिवसभर उभं राहायचंय, मग वाईट तोंड करून कशाला उभं राहायचं?"

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नाशिकहून पिंपळगावकडे जाताना रस्त्याला एक द्राक्षाचं पॅकहाऊस होतं. परदेशी जाणारा माल तिथं भरला जायचा. पंचवटीतून आम्ही बाया सकाळी टेम्पोत बसून जायचो. मोठमोठी टेबलं, डोक्याला टोपी, हातात बारीक कात्री. घड देठाला धरायचा, त्यातले फुटके, बारके मणी कापून काढायचे, मण्यावरची पांढरी झाक पुसू द्यायची नाही. मग वजन, मग खोकी, मग थंड खोली. एकदा ज्या टेबलाला लागलं ते टेबल हंगाम संपेपर्यंत सुटायचं नाही, हा सगळ्याच पॅकहाऊसांचा रिवाज. आक्का तिथली मुकादम होती, मूळची सायखेड्याची. पहिल्याच हंगामात तिने हा रिवाज मोडला.

नवीन बाईला ती आधी सगळ्या टेबलांवरून फिरवायची. आणि स्वतः मागे उभी, दोन्ही हात एप्रनच्या खिशात, बोलायचं काही नाही. आम्हाला वाटायचं, चुका शोधते. ती शोधायची ते वेगळंच. ही बाई गुणगुणते कुठे, मान कुठे अवघडते, सारखी पाण्याला कुठून जाते.

पेठ तालुक्याकडची यमुना होती. कात्री धरली की तिचा हात थरथरायचा, मणी भलताच कापला जायचा आणि मग डोळ्यांत पाणी. दुसरं कुणी असतं तर घरी पाठवलं असतं. आक्काने तिला खोकी रचायला लावलं. यमुनाने अशी थप्पी लावली की दोरी धरून भिंत बांधावी! "घरी कुडाच्या भिंती बांधत होतीस ना?" आक्काने विचारलं. यमुना पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून तिच्या थप्पीला कुणी धक्का लावला तर ती भांडायची. गप्प बाई भांडायला लागली म्हणून आक्का खूश!

माझं काय झालं सांगू? मला बोलायची खोड, हे तुम्हाला आता सांगायला नको. टेबलावर माझं तोंड चालायचं आणि सगळ्या बाया हसत बसायच्या. आमचे मालक शेठ म्हणाले, "हिला काढा." आक्का म्हणाली, "काढू नका, फाटकावर द्या." फाटकावर म्हणजे जिथं बागवाल्यांचा नापास झालेला माल परत जायचा. तिथं रोज आरडाओरडा. माणसं तावातावाने यायची, "माझ्या मालाला काय झालंय? तुम्हाला डोळे हायेत का?" मी म्हणायची, "दादा, आधी पाणी प्या, मग मला शिव्या द्या." पाणी पिता पिता मी त्यांच्या बागेची, घरची, वणीच्या देवीला यंदा गेलात का, सगळी चौकशी करायची. एकाने तर निघताना आपल्या नापास क्रेटमधला घड मलाच दिला. म्हणाला, "बाई, तुमच्याशी भांडायला आलो होतो, राहूनच गेलं."

आक्काही चुकायची, असं नका समजू की देवी होती. आमच्यात जुबेदा होती, तिचा हात वजनाला फार चपळ. आक्काने तिला काट्यावर बसवलं. काम झपाझप, शेठ खूश. पण जुबेदा दिवसेंदिवस सुकत चालली. एकदा चहाच्या वेळी आक्काने तिला बाजूला घेतलं. जुबेदा म्हणाली, "आक्का, सगळं ठीक है, बस आकडेच दिसतात झोपेत." आक्काने कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. येतंय म्हणून आवडतंयच असं नाय." मग तिला माल उघडायच्या टेबलावर नेलं. घडाच्या पोटात दडलेला सडका मणी जुबेदाला नुसत्या वासाने कळायचा. तिथं ती अशी खुलली की आमच्याच डब्यांचे वास घेऊन "आज हिच्याकडे मेथी" म्हणून सांगत सुटायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली. आमच्याकडच्या बाया हंगाम अर्ध्यावर सोडत नाहीत, हे शेठच्या लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता हो. त्याने खूश होऊन आक्काला बक्षीस दिलं. वर माळ्यावर काचेची केबिन, फिरती खुर्ची, पंखा. आक्का आता मॅनेजर. आम्ही पेढे वाटले.

आणि तिथंच सगळं बिघडलं.

आक्का वर बसून माल किती आला, गाडी कधी निघणार ते बघू लागली. काम चोख करायची, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. पण खाली यायची तिला मनाई. मॅनेजरने टेबलाटेबलावर फिरायचं नाही, त्याने वचक जातो, असं शेठचं म्हणणं. खाली जुना रिवाज परत आला, हंगाम सुरू होताना जिला जे टेबल लागलं तेच. यमुनाच्या हातात पुन्हा कात्री आली. बायांची डोकी दुखायला लागली, खाडे वाढले. आणि वर काचेमागे आक्का. आधी डबा आमच्यात बसून खायची, आता एकटीच खायची, अर्धा परत न्यायची. टेम्पोत विचारलं तर म्हणायची, "बरं हाय की. पंखा हाय." तिचा चेहरा मात्र उतरत चालला होता. जिने आमच्या सगळ्यांच्या जागा शोधून दिल्या, तिचीच जागा गेली होती, आणि तीसुद्धा मान देऊन.

बायांनी मलाच पुढे घातलं. "तोंड तुझंच हाय, जा," यमुना म्हणाली. मी गेले.

"शेठ, आक्काला खाली आणा."

"अहो बाई, मी तिला मोठं केलं आणि तुम्ही खाली आणा म्हणता? जळता की काय तिच्यावर?"

"जळू कशाला? मोठं केलंत ते चांगलंच केलंत. पण तुम्ही तिला विचारलं होतं का?"

शेठनी विचारलं नव्हतं. त्यांनी तिथूनच हाक मारली. आक्का जिना उतरून आली, आम्ही सगळ्या कात्र्या थांबवून उभ्या. ती नाही म्हणाली तर मी तोंडघशी पडणार, हो म्हणाली तर तिचं पद जाणार.

शेठ म्हणाले, "या म्हणतात तुला खाली यायचंय. खरं का?"

आक्काने कमरेवर हात ठेवला. मग म्हणाली, "शेठ, खुर्चीत बसून कंबर धरली माझी. उभी राहिले की दुखत नाय."

"नीट विचार कर. खुर्ची सोडलीस तर ती दुसऱ्याला जाईल. मग तो सांगेल तसं तुला ऐकावं लागेल."

"द्या की त्याला. पंखाबी द्या."

सगळ्या हसल्या. आक्का नाही हसली. तिला सौदा पुरता कळला होता.

वर एक शिकलेला तरुण आला. स्वभावाने तिखट. कुणाची जागा बदलायची तर आक्काने आधी त्याला विचारायचं, असा हुकूम. पन्नाशीची बाई, ज्या खोलीत स्वतः बसत होती तिच्याच दारात उभी राहून म्हणायची, "साहेब, यमुनाला थप्पीवर घेऊ का?" तो कधी कधी मान वर न करताच "नंतर या" म्हणायचा. ती थोड्या वेळाने पुन्हा जायची. आम्हाला राग यायचा. मी म्हणाले, "आक्का, तुला लाज नाही वाटत?" तर म्हणाली, "वाटती की. पण खाली आले की विसरती."

यमुना थप्पीवर आली. जुबेदाचं डब्यांचे वास घेणं पुन्हा सुरू झालं. आक्काचा डबा पुन्हा आमच्यात, आणि रिकामा परत जायला लागला.

पुढे तिचे गुडघे गेले. त्या साहेबानेच, कुणाला न सांगता, तिच्यासाठी खाली टेबलाशेजारी स्टूल आणून ठेवलं. ती त्यावर बसली नाही, पण त्याला म्हणाली, "पोरा, माणसाचं बघायला लागलास. बरं झालं." तो हंगाम तिने उभ्याने काढला, सायखेड्याला गेली आणि परत आली नाही. दोन पावसाळ्यांनी तिच्या मुलाने ती वारल्याचा निरोप पाठवला, तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

त्यानंतरच्या हंगामात चहा झाला की बाया आपसांत जागा बदलून घ्यायच्या. एकमेकींना विचारून. वरून साहेब बघायचा आणि होऊ द्यायचा.

बघा, बोलता बोलता दिवे लागले. निघा आता, पण पुढच्या वेळी घाईत येऊ नका. द्राक्षं संपायच्या आत या. सकाळीच या, जेवायलाच या. मी घरीच असते.