तीन पिवळ्या चिठ्ठ्या

दोनशे माणसांचं जेवण मामांना झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. बटाटे किती, पाणी किती, मोठं पातेलं किती वाजता चढवायचं, सगळं तोंडपाठ. तिघांचं म्हटलं की मात्र त्यांचं गणित कोलमडायचं. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात काढली होती. तिथे आयांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. मामांचं सूप चुकवायला पेशंट लवकर बरे होतात, हा तिथला जुना विनोद होता आणि तो सांगताना मामा स्वतःच सगळ्यांत जास्त हसत.

तिथलं काम चिठ्ठ्यांवर चालायचं. वरच्या मजल्यावरून प्रत्येक खाटेची चिठ्ठी खाली यायची. पांढरी म्हणजे साधं जेवण, पिवळी म्हणजे मऊ, गाळलेलं, गिळायला सोपं. मीठ पातेल्यात कधीच पडायचं नाही. ज्याला चालतं त्याच्या ताटात मिठाची छोटी पुडी ठेवायची, म्हणजे भानगड नको. ताटं लिफ्टने वर जायची आणि तासाभराने उष्टी होऊन खाली यायची. आपलं जेवण जेवताना मामांनी एकाही माणसाला कधी पाहिलं नव्हतं.

घरी स्वयंपाक मामींचा. मामी शाळेचे गणवेश शिवायच्या, दिवसभर मशीनवर असायच्या, पण ओट्याला मामांचा हात लागू द्यायच्या नाहीत. ख्रिसमसच्या दुपारचा बेत तर लग्न झाल्यापासून ठरलेला होता: लोणी चोळून भाजलेली कोंबडी, तिच्या पोटात कांदा, लिंबू आणि पावाचे तुकडे, बाजूला भाजलेले बटाटे, वाटाणे, शेवटी मनुकांचा केक. दरवर्षी पहिला घास मामांच्या तोंडात गेला की मामी विचारायच्या, "कसं झालंय?" आणि मामा म्हणायचे, "ठीक आहे." अजून वाढू का, विचारलं की, "पुरे." दिवसभर वाफेत उभं राहिलेल्या माणसाला अन्नाचं कसलं आलंय कौतुक, असं मामी शेजारणीला सांगायच्या. देवाने यांच्या तोंडात तीनच शब्द घातलेत, हेही सांगायच्या.

मामा निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, मामींच्या घशाखाली घास अडकायला लागला. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती, आणि ती अशा जागी होती की कापता येत नव्हती. डॉक्टरांनी मामांना आणि लेकीला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की हा ख्रिसमस त्यांच्यासोबत मिळेल, पुढचा धरून चालू नका.  मामींना न सांगताच सगळं कळलं होतं.

लेक दुसऱ्या शहरात बस कंपनीच्या तिकीट खिडकीवर होती. डिसेंबर लागला तसा तिचा फोन आला, की बाबा, यंदा जेवणाचं काय करायचं? मामा म्हणाले, मी बघतो. मग तीन दिवस ते जेवणाच्या टेबलाशी बसून खाडाखोड करत होते. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी गमतीने दिलेला पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी कपाटातून काढला होता. अखेर बेत ठरला. भोपळ्याचं गाळलेलं सूप, लोण्यासारखा कुस्करलेला बटाटा, वाटून चाळलेली कोंबडी, पातळ कस्टर्ड. एकासाठी नव्हे, तिघांसाठी. मामींना जे खाता येत नाही ते त्या दिवशी टेबलावरच येणार नाही, म्हणजे त्यांना काही कमी वाटणार नाही. हे सुचल्यावर मामांना फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी आपल्याला बायकोसाठी काहीतरी करता येतंय, असं वाटलं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. तोच त्यांनी होकार धरला.

चोवीस तारखेला सकाळी लेक येऊन पोचली. तोवर मामांनी तीन पिवळ्या चिठ्ठ्या फ्रिजवर एका ओळीत चिकटवल्या होत्या. मामी भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. आताशा त्यांचा आवाज जेमतेम ऐकू यायचा.

"हे कुणाचं जेवण?" त्यांनी विचारलं.

"आपलं. तिघांचं," मामा म्हणाले. "म्हणजे तुला एकटीला वेगळं नको."

मामींनी तिन्ही चिठ्ठ्या शांतपणे वाचल्या. मग एकेक करून काढल्या.

"उन्हाळ्यापासून या घरात माझ्यासमोर कुणी धड जेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी आले की तुम्ही ताट झाकता. ही आली की मोरीपाशी उभी राहून पाव खाते. मला काय दिसत नाही? मी मेल्यावर गाळून खा हवं तर. उद्या मला या टेबलावर जेवणारी माणसं बघायची आहेत."

मामांनी समजावून पाहिलं. वासाने तुला त्रास होईल, खावंसं वाटेल, मग जीव तुटेल. मामी म्हणाल्या, जीव तुटतोच आहे, निदान वास तरी येऊ दे.  मामा पिशवी घेऊन कोंबडी आणायला गेले. रस्त्यात त्यांना स्वतःचा संताप आला. एवढी वर्षं आजारी माणसांना जेवू घातलं आणि घरातल्या आजारी माणसाला काय हवं ते विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर मामी ओट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि मामांची परीक्षा सुरू झाली. पहिल्यांदा त्यांनी एवढा कांदा चिरला की मामींनी हातानेच थांबवलं, वॉर्ड भरलाय का म्हणून. कातडीखाली बोटं सरकवून लोणी कसं चोळायचं ते त्यांनी आपल्या शिवणकामाच्या बोटांनी दाखवलं, अस्तर सरळ करावं तसं. लेक बटाटे सोलत होती. कोंबडी ओव्हनमध्ये गेली आणि मामींचा तिथेच डोळा लागला. घरभर वास सुटला तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि डोळे मिटूनच बसून राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओव्हनकडे तोंड केलं, कारण डोळे भरले होते.

टेबल मांडलं. मामींपुढे वाटीभर सूप, बाकी सगळं नेहमीचं. मामांनी पहिला घास घेतला. मामी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कसं झालंय?"

"ठीक आहे," मामा सवयीने म्हणाले.

मामींनी नजर हलवली नाही. "यंदा तेवढ्याने भागायचं नाही. मला चव कळणार नाहीये. नीट सांगा."

मामांनी घास सावकाश चावला. खरं ते सांगणं भाग होतं. "मीठ नाही," ते म्हणाले.

मीठ घालायचं असतं हे सांगायचं मामींना सुचलं नव्हतं, आणि पातेल्यात मीठ न घालण्याची सवय मामांच्या हातांना एकतीस वर्षांची होती. मामी हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला, तरी हसतच राहिल्या. लेकही हसली आणि तोंडावर रुमाल धरून थोडा वेळ बाहेर गेली.

मग मामा बोलायला लागले. म्हणाले, तुझी अशी नसायची. तुझ्या कोंबडीची कातडी दाताखाली कुरकुरायची, आणि लगेच खाली लोणी आणि लिंबाचा आंबटपणा यायचा. पोटातला पाव रस पिऊन टच्च व्हायचा, मी तो मुद्दाम शेवटी खायचो. ज्या वर्षी आपली लेक पोटात होती त्या वर्षी तू बटाटे जास्त भाजलेस आणि रडलीस, पण तेच सगळ्यांत छान झाले होते. दुपारी उशिरा, तू आडवी झालीस की मी उभ्याउभ्या उरलेलं खायचो. केकचं तर काय सांगू. एवढं सलग मामा त्या घरात कधीच बोलले नव्हते. मामींचं सूप गार होत होतं आणि त्या एखादी गोष्ट ऐकावी तशा ऐकत होत्या.

ते थांबले तेव्हा मामींनी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

 मामांनी कारण खूप शोधलं. रोज शेकडो ताटं पाठवणाऱ्याला एका ताटाचं कौतुक करायला वेळ नव्हता, असं थोडंच होतं. उद्या सांगू, पुढच्या वर्षी सांगू, घाई कसली, एवढंच होतं ते. 

लेक परत येऊन बसली. मामांनी मिठाची वाटी पुढे ओढली, कोंबडीवर चिमूटभर टाकलं आणि ताट रिकामं होईपर्यंत जेवले. मग ते रिकामं ताट त्यांनी मामींपुढे धरलं.

"अजून वाढ," ते म्हणाले.

मामींनी मोठा चमचा उचलला. बटाटे दोनदा निसटले. लेक मदतीला पुढे झाली, तर मामांनी तिचा हात धरून तिला थांबवलं. सगळं वाढून होईपर्यंत ते ताट धरून तसेच बसून राहिले.