दहा हजार फूट आणि सात पायऱ्या

माझ्या बायकोच्या मामांइतका उंचीला भिणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात सापडायचा नाही, आणि विमानातून उडी मारायचं खूळ घेतलं तेही त्यांनीच. कोप्पीकर रोडमागच्या गल्लीत त्यांचं साड्यांचं दुकान आहे. मामा कायम गादीवर; सात पायऱ्यांची शिडी चढून सगळ्यात वरच्या फळीवरच्या इरकली साड्या काढायच्या त्या मामींनी. ती फळी मामींनी स्वतः लावलेली, तिला परक्याचा हात लागायचा नाही, हा दुकानाचा कायदा पस्तीस वर्षं चालला. गेल्या वर्षी मामींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, फळीवर धूळ साठली आणि एक दिवस मामी म्हणाल्या, "बंद करूया की आता दुकान." दुसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे येऊन म्हणाले, "जावईबापू, दहा हजार फुटांवरनं एकदा उडी मारली, की सात पायऱ्यांची काय भीती राहणार हो?" मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, पण यात चूक कुठे आहे ते मला काही सांगता आलं नाही.

म्हैसूरकडच्या एका शिबिरात नाव घातलं आणि तयारीला ऊत आला. वजन जास्त भरलं म्हणून मामांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट सोडलं, म्हणजे सोबतची मिरचीभजी सोडली. उतरताना पाय पुढे उचलून धरायचे असतात हे कळल्यापासून ते गादीवर बसल्या बसल्या दोन्ही पाय अधांतरी धरून गिऱ्हाईकांशी बोलू लागले. एक बाई तर साडी न बघताच निघून गेली. विद्यानगरला आमच्या घरासमोरच्या दीड फुटी कट्ट्यावरून रोज सराव व्हायचा. त्यासाठी खाली दोन गाद्या लागत, धरायला माझा हात लागे आणि आधी देवापुढे दिवा लावावा लागे.

शिबिरात मी सोबत होतो. पहिली उडी शिकवणाऱ्याच्या अंगाला पट्ट्यांनी बांधून घेऊन मारायची असते. मामा म्हणाले, "ज्याच्याशी बांधून घ्यायचं त्याचं घराणं नको का बघायला?" आणि त्यांनी त्या माणसाचं गाव विचारलंच, "यावूर्री निम्दु?" तो गदगचा निघाला. त्याच्या आत्याच्या लग्नाचा बस्ता मामांच्याच दुकानातून गेलेला! मामांचा जीव भांड्यात पडला. तो माणूस आणि मी चहा आणायला वळलो मात्र, मामांना बांधून तयार ठेवलेलं पॅराशूट दिसलं. पूर्ण उलगडून, उजेडात धरून बघितल्याखेरीज कापड चांगलं म्हणायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. आम्ही परत येईतो ते सगळं चटईवर पसरलं होतं. मामा चिमटीत कापड चोळत म्हणाले, "पोत झकास आहे." वर शिष्टाचार म्हणून त्यांनी त्याची साडीसारखी चापूनचोपून घडीही घालायला घेतली. गदगकराने कपाळाला हात लावला. "यजमानर, इदु सीरी अल्लरी!" साडी नव्हे हो ही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मामा काठ जुळवत होते. शेवटी दुसरं पॅराशूट आलं आणि सकाळची उडी दुपारी झाली.

मामा उतरले ते पाय उचलूनच. मी धावत जाऊन विचारलं, "कसं वाटलं?" ते हळूच म्हणाले, "डोळे मिटले होते हो. मामीला सांगू नका."

परतल्यावर पहिल्याच दिवशी एका आजींनी इरकली मागितली. मामा शिडीपाशी गेले आणि दुसऱ्या पायरीवर घामाने भिजून थांबले. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात मामी गुडघे सांभाळत उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. "चढा की. मी धरल्ये." मामा चढले, एकेक पायरी मोजत, सातवीपर्यंत. साडी हाताला लागली, आणि मग त्यांनी खाली बघितलं, डोळे उघडे ठेवून. पस्तीस वर्षं त्यांनी मामींना खालूनच बघितलं होतं.

"अगं," ते वरूनच म्हणाले, "तुझे केस किती पिकले गं."

"उतरा आता, आजी खोळंबल्यात," मामी म्हणाल्या. पण त्यांनी मान वर केली नाही, आणि मामा उतरून गादीवर बसले तरी मामींचे हात शिडीवरच होते.