खाण फाट्यावर खाण नाही

एका पोराचं लग्न सात वर्षं एका खड्ड्यापायी अडलं होतं, आणि मी नेमका तोच खड्डा शोधत त्याच्या दारात जाऊन बसलो. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी किती गाढवपणा केला ते तुमचं तुम्हालाच कळत जाईल.

मी लाल बसमध्ये कंडक्टर होतो. बेळगाव, खानापूर आणि त्याच्या आतले आडरस्ते, यावरच सगळी नोकरी गेली. त्यातल्या एका रस्त्यावर 'खाण फाटा' नावाचा थांबा आहे. या थांब्याची तिकिटं मी इतकी फाडली की अंगठ्याला घट्टा पडला. तिथं बायाबापड्या उतरायच्या, तांदळाची पोती उतरायची, एकदा तर एक बोकड माझ्या बुटावर मुतून उतरला. पण खाण काही मला कधी दिसली नाही. एक वडाचं झाड, एक चहाची टपरी आणि समोर भाताची शेतं, एवढंच. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणायचा, "तुला काय करायचीय रं खाण? रैट म्हण आधी."

रिटायर झालो आणि तो किडा परत वळवळायला लागला. बेळगावच्या अनगोळात आमच्या गल्लीतली रिटायर मंडळी देवळाच्या कट्ट्यावर बसून एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करतात. मला ते जमत नाही, माझं डोकं फिरतं. मी घरात जाहीर केलं की आपल्या भागातल्या बंद पडलेल्या, लोकांनी विसरलेल्या जुन्या खाणी मी शोधणार. बायको म्हणाली, "गॅसचं पुस्तक दोन महिने झाले सापडंना झालंय. सुरुवात तिथनं करा की."

खाणी होत्या, हे काही खोटं नाही. खानापूरच्या रानात साहेबाच्या काळात मँगनीज काढायचे. काळाकुट्ट दगड, एकदा हाताला लागला की दोन दिवस डाग जात नाही. पुढं परवडेना, कामं थांबली, वर रान माजलं. पहिल्या तीन महिन्यांत मी दोन खाणी शोधल्या. त्यातली एक खरोखरच खाण निघाली. दुसरा कुणा आप्पानं गोबर गॅससाठी खणलेला खड्डा होता, आणि हे मला कधी कळलं, तर एक पाय आत गेल्यावर.

या उद्योगात माझ्याबरोबर बेळगावातल्याच खासबागचा माझा दोस्त असायचा. जन्मभर त्यानं मागावर साड्या विणल्या. बोलायला कमी, बघायला जास्त. स्कूटर त्याची, पेट्रोल माझं आणि भांडण दोघांचं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला पाहिजे. पोरगी द्यायची म्हटलं की बाप आधी स्वतः जात नाही. तो चुलता, मामा अशी दोन पिकल्या केसांची माणसं एका गाडीवर बसवून पोराच्या गावात पाठवतो. एकानं बोलायचं, एकानं बघायचं. टपरीवर चहा घ्यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, ती जमीन कुणाची, पाण्याचं काय, घरात भांडणतंटा हाय काय. खरं कारण मात्र मरेपर्यंत सांगायचं नाही. बैल बघायला आलोय, बियाणं बघायला आलोय, काहीही ठोकून द्यायचं. गावाला सगळं कळतं, गावाला कळलंय हे पाहुण्यालाही कळतं, पण दोन्हीकडनं बैलांवरच बोलणं चालू. मी स्वतः अशा चौकशीला चार-पाचदा गेलोय. तरी त्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही, याला काय म्हणावं!

भात कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. खाण फाट्यावर आम्ही स्कूटर लावली. हँडलच्या हुकाला पिशवीत मिठाईवाल्याकडचा अर्धा किलो कुंदा होता. परत जाताना खानापुरात बहिणीकडं द्यायला म्हणून दोस्तानं तो घेतला होता. टपरीवर चार माणसं बसली होती. त्यांनी आधी आम्हाला बघितलं, मग कुंद्याला बघितलं आणि सरकून जागा करून दिली.

"कुठनं आलाय म्हणायचं?" एका फेटेवाल्या अण्णानं विचारलं.

"बेळगावास्नं. हितली जुनी खाण बघायला आलोय."

टपरीवाल्याची किटली हातात तशीच राहिली.

"खाण?" अण्णा म्हणाला. "हितं खाण न्हाय."

"अहो, थांब्याचं नावच खाण फाटा हाय की!"

"नाव काय, कायबी ठेवत्यात. जमीन मात्र एक नंबर बगा. खाली काळी माती, वर पाणी. काजूची झाडं हायत बांधाला."

"आणि पोरगं सुपारीला हात लावत न्हाय," दुसरा म्हणाला.

"कुठलं पोरगं?" मी म्हणालो. "मी खाणीचं विचारतोय."

"व्हय व्हय," अण्णा हसला. "मागल्या खेपेचे बैल बघायला आलते. तुम्ही खाण बघायला आलाय. चालतंय की!"

मला राग आला. नोकरीभर ज्या थांब्याची तिकिटं विकली, तिथं मला तोंडावर सांगतात खाण नाही म्हणून! मी आवाज चढवून म्हणालो, "ती ज्याच्या जमिनीत हाय त्याच्याकडं घेऊन चला मला." हे ऐकून चौघांचेही चेहरे खुलले. अण्णानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत आणि पुढं होऊन थेट एका घरी नेलं. वाटेत कुणीतरी सायकलवरनं आमच्या आधी सुटलं, ते मी बघितलं, पण अर्थ लागला नाही.

घराच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली. पाच मिनिटांत शिरा आला, पोहे आले, पाणी द्यायला पोराची आई स्वतः बाहेर आली. फेटेवाला अण्णा हा पोराचा चुलता निघाला. त्यानं दोस्ताच्या हातातनं कुंदा अलगद काढून घेतला आणि देवापुढं ठेवून आला. दोस्त आपल्या रिकाम्या हाताकडं बघत बसला.

"खाण नक्की कुठल्या बाजूला?" मी शिऱ्याचा घास गिळत विचारलं.

आईनं तांब्या खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुमास्नी?" ती म्हणाली. "तसलं काय न्हाय हो आमच्यात. बारकं डबकं हाय कोपऱ्यात. पुढल्या वर्षी बुजवून घेणार हाय."

"बुजवू नका!" मी ओरडलोच. "आक्का, मी त्याच्यासाठीच आलोय!"

चुलत्यानं तिला डोळ्यानं खुणावलं. म्हणजे पाव्हणा चेष्टा करतोय, असं. तेवढ्यात दोस्त माझ्या कानाशी लागला. "अरे येड्या," तो म्हणाला, "आपण पोरीकडचे पावणे झालोय." माझ्या घशात शिरा अडकला. मी पाणी प्यालो, ठसका आला, परत पाणी प्यालो आणि मग हात जोडून सगळ्यांना सांगितलं की आम्ही पोरीकडचे नव्हे, मी रिटायर कंडक्टर, मला खरोखर फक्त खाण बघायचीय. सगळी मंडळी मनापासून हसली. इतका पक्का पाहुणा त्यांच्याकडं आजवर आला नव्हता म्हणे.

मग पोरगा आला. चौतिशीचा दणकट गडी, शेतातनं बोलावून आणलेला. पायाला चिखल तसाच आणि वर घडी न मोडलेला नवा शर्ट. शर्टाच्या कॉलरखाली पुठ्ठा तसाच राहिला होता, त्यामुळं त्याला मान वळवता येत नव्हती. त्यानं आमच्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, पुठ्ठा ओढून काढला आणि म्हणाला, "खाण बगायची हाय न्हवं? चला, दावतो."

"अरं बाबा, नगं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ह्या बारीला तरी नगं रं."

"किती दिस झाकायची, आई?" तो म्हणाला, आणि चालायलाच लागला.

बांधाबांधानं गेलो, काजूची झाडं ओलांडली, आणि पायाखालची वाट एकदम संपली. बापरे! शंभर पावलं लांब, तेवढीच रुंद, काळ्या कातळाची उभी भिंत आणि खाली हिरवंगार पाणी. भिंतीवर पहारीच्या खुणा अजून ओळीनं दिसत होत्या. एका बाजूनं मजुरांनी दगडात कोरलेल्या पायऱ्या होत्या. मी त्यावर बसलो, दगडाला हात लावला, तळवा काळा झाला, आणि सांगायला लाज कसली, मला रडू फुटलं. इतकी वर्षं ज्या जागेची तिकिटं फाडली ती जागा खरंच होती.

पोरगा माझ्याकडं नवलानं बघत होता. मग तोही पायरीवर बसला आणि बोलायला लागला. तीन सोयरिकी मोडल्या होत्या त्याच्या, तिन्ही या काठावर. एका बापानं दगड आत टाकला, बुडबुडे बघितले आणि चप्पल घालून चालता झाला. दुसरा म्हणाला, घराखाली पण पोकळच असणार. तिसऱ्यानं विचारलं, तुमच्यात भांडण झालं तर माझ्या लेकीनं जायचं कुठं, ह्यात? तेव्हापासनं सगळ्या गावानं ठरवलं की कुणी चौकशीला आलं तर खाण नाहीच म्हणायचं.

"आणि खरं सांगू काका? मे महिन्यात गावच्या समद्या हिरी आटत्यात. तवा अख्खं गाव हितलं पाणी पितंय. म्या मासं सोडल्यात, मोटर बसवलीय, ह्या पाण्यावर उसाची लावण केलीय. ही खाण हाय म्हणून मी गावात हाय. न्हायतर कवाच बेळगावात वॉचमन झालो असतो." तो आपले चिखलाचे पाय पाण्यात हलवत होता. "तुम्ही पयलेच, ज्यानी हिला बगून तोंड वाकडं केलं न्हाय."

मी त्याला म्हणालो, पोरा, तुझ्यासारखा हुशार शेतकरी मी बघितला नाही. म्हणालो, ज्या घराला तुझ्यासारखा जावई मिळेल त्या घराचं भाग्य. बोलण्याच्या भरात आणखीही बरंच म्हणालो. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात.

तो हसला. मग पाण्याकडं बघतच, अगदी सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "काका, तुमास्नी लेक हाय?"

मी म्हणालो, "न्हाय."

दोस्त उभा होता, तो खाली बघायला लागला. पोरगा मान डोलावून उठला आणि मला हात देऊन त्यानं पायऱ्या चढवून वर आणलं. आईनं निघताना पिशवीत काजू घातले, खाण बघूनही आम्ही चप्पल घालून पळालो नाही म्हणून.

खानापुरात चहाला थांबलो तेव्हा दोस्त बशीत चहा ओतत म्हणाला, "एक खाण झाकायला त्यांना अख्खं गाव लागलं. तू हाडामासाची लेक एकट्यानं झाकलीस." मी त्याच्यावर खेकसलो, तुझा कुंदा गेला त्याचा राग माझ्यावर काढू नकोस म्हणालो. पण मला शरम वाटत होती. चहा तसाच ठेवला मी.

माझी लेक तिशीची आहे, पुण्यात नोकरी करते. वधू-वर केंद्राचा तिचा फॉर्म मी माझ्या हातानं भरलाय. अपेक्षांच्या रकान्यात लिहिलंय, नोकरदार पाहिजे, शेतकरी नको. तिला विचारून लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीत सगळे तसंच लिहितात.

रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. टपरी, शिरा, कॉलरचा पुठ्ठा, काळा कातळ, मासे, तीन मोडलेल्या सोयरिकी. शेवटचा त्याचा प्रश्न तेवढा गाळला. पुठ्ठ्याचं ऐकून ती खूप हसली. मग म्हणाली, "बाबा, इतक्या चांगल्या माणसाला पोरगी का मिळत नाही हो?"

मी म्हणालो, "काय की, बाई."