आमच्या चौकाच्या फरश्या

ट्रकचं मागचं चाक ओट्यावर चढलं, तेव्हा माझी सासू त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत बसली होती. कोपऱ्याचा दगड निखळला आणि गडगडत तिच्या पायापाशी येऊन थांबला. तिला खरचटलंही नाही, पण हातातलं सूप सुटलं आणि तांदूळ चिखलात गेले. ट्रक थांबला नाही. मागे कोळशाची भुकटी सांडत निघून गेला.

बल्लारपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. रेल्वेचं फाटक लागलं की कोळशाचे ट्रक आमच्या वस्तीतून आडवाटेने काढायचे, आणि ती वाट बरोबर चौकातून जायची. चौक म्हणजे मधोमध एक जुनी चिंच, तिच्याभोवती दगडी ओटा आणि ओट्याभोवती चारी बाजूंच्या घरांपर्यंत पसरलेल्या दगडी फरश्या. आमच्या लग्नाचा मांडव तिथेच पडला होता. चौदा एप्रिलची सभा तिथे व्हायची, पोळ्याला बैलं तिथेच उभी राहायची, आणि संध्याकाळी अख्ख्या वस्तीच्या बाया तिथेच बसायच्या. पण तीन-चार वर्षांत ट्रकांनी फरश्या फोडल्या होत्या. खड्ड्यांत काळं पाणी साचायचं आणि डासांमुळे संध्याकाळी तिथे बसवत नसे.

त्या दिवाळीनंतर पालिकेचे इंजिनिअर साहेब टेप घेऊन आले. सगळ्या फरश्या काढून मुरूम टाकायचा, वर डांबर, आणि चिंच तोडून रस्ता सरळ करायचा, असं त्यांनी सांगितलं. लोक गोळा झाले. काही जण म्हणाले, बरंच होईल. बाया चिंचेकडे पाहत होत्या.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. साहेबांशी बोलायची थोडी सवय होती. मी विचारलं, "झाड कशाला तोडता, साहेब?"

"बाई, इथे पाणी साचतं. मलेरियाची तक्रार आहे. चौक नीट असता, तर मी हातसुद्धा लावला नसता."

"काम कधी सुरू होणार?"

"उन्हाळ्याच्या तोंडावर."

साहेब गेले. त्यांचं ते "नीट असता तर" माझ्या डोक्यात बसलं.

घरी माझे सासरे खाटेवर बसले होते. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते जन्मभर मिस्तरी होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून करणी-ओळंबा पोत्यात बांधून त्यांनी माळ्यावर टाकला होता आणि कामाचं नावही काढत नव्हते. मी त्यांना साहेबांचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, "त्या फरश्या माह्या हातच्या आहेत, पोरी. वीस वर्षांचा होतो मी. चिंचेपासून चारी बाजूले ढाळ देल्ला होता. थेंब थांबत नव्हता."

"मंग पुन्हा बसवता येतील?"

"येतात ना. काऊन नाई येत? पण मले दिसत नाई."

"मले दिसते. तुमी सांगा, मी करते."

सासू चुलीपुढून म्हणाली, "बाप्पा! मास्तरीण आता चुना कालवते!" पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं पोतं तिनेच काढून दिलं.

पहिल्या रविवारी आम्ही आठ-दहा जण होतो, बहुतेक कोळशाच्या खाणीत काम करणारे. माझा नवरा खाणीतली रात्रपाळी करून आला आणि न झोपता पहार घेऊन उभा राहिला. पहिली फरशी उपटली आणि मामाजींनी तिच्या खालच्या बाजूवर हात फिरवला. वरची बाजू झिजून खड्डे पडलेली होती, खालची मात्र नुकतीच दगडखाणीतून काढल्यासारखी कोरी. "उलटी करा," ते म्हणाले. "साऱ्या उलट्या करा. अर्धा चौक इथीच निघते."

अर्धा निघाला. उरलेल्या अर्ध्याचं काय? फुटलेल्या फरश्यांचे तुकडे कडेला लागले, पण मोजून पाहिलं तर मोठ्या फरश्या बऱ्याच कमी पडत होत्या. कुठे गेल्या, कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान सगळे तसंच म्हणत होते. दोन दिवसांनी मी न्हाणीत आंघोळीला बसले आणि सहज खाली पाहिलं. मी चौकाच्याच फरशीवर बसले होते.

मी सासूला हाक मारली. ती आली, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "निखळून पडली होती वो. मी म्हटलं, वाया काऊन घालवाची?"

त्या संध्याकाळी मी आमच्या न्हाणीतली ती फरशी नवऱ्याकडून उचलवून सगळ्यांसमोर चौकात नेली आणि मोठ्याने सांगितलं, "ही आमच्या घरून." मग समोरच्या घरची बाई लाजत म्हणाली, "आमच्या गोठ्यात दोन आहेत." तिसरीच्या घरी कपडे धुवायचा दगड निघाला. एकाच्या उंबऱ्यापुढची पायरी निघाली. आठवडाभर वस्तीतल्या घराघरांतून फरश्या बाहेर येत होत्या, लोक एकमेकांना चिडवत होते आणि चौक भरत होता. शेवटी दोन फरश्या जास्तच निघाल्या. त्या कोणाच्या, ते कोणीच कबूल केलं नाही.

सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं, आणि आम्हाला कोण परमिट देणार? मामाजी म्हणाले, आधीही चुनाच होता. मग चुना भिजवला, विटांचा चुरा कुटला, वाळू चाळली. मी दोरी ताणायची, मामाजी गुडघ्यावर बसून बोटांनी सांधे चाचपायचे. "डावीकडून बोटभर खाली घे. अजून. आता ठोक." शाळा सुटली की मी थेट चौकात. माझे हात चुन्याने इतके फुटले की फळ्यावर खडू धरताना झोंबायचं.

एक अख्खा कोपरा चार दिवसांत झाला. मला तर फार सुंदर वाटला. मामाजींनी दोन बादल्या पाणी मागवलं, स्वतःच्या हाताने ओतलं आणि अनवाणी पायांनी त्यावरून चालत गेले. मध्येच थांबले. "इथी पाणी आहे. पायाले लागून राह्यलं."

"थोडंसंच आहे, मामाजी."

"थोड्याशातच डास होतात. उपट."

खाणीतली माणसं वैतागली. एक जण पहार आपटून घरी निघून गेला. मी खाली बसले आणि मला रडू आलं. मामाजींना ते कळलं असावं. माझ्याजवळ उकिडवे बसले. "चूक तुही एकटीची नाई. मी दोरीची गाठ चाचपली नाई, ते सरकली अन् ढाळ चुकला. आपण दोघं मिळून चुकलो. उठ." आम्ही तो कोपरा पूर्ण उपटून पुन्हा बसवला. पहार आपटून गेलेला दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर होता.

ट्रक मात्र थांबत नव्हते. म्हणून एका सकाळी सासूने चौकाच्या तोंडाशी बैलगाडी आडवी लावली आणि जोखडावर बसली. सोबत अजून पाच-सहा बाया. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले, मग उतरून ओरडला. सासू म्हणाली, "पाणी पेतं का, भाऊ?" तो पाणी प्यायला. मग फरश्यांकडे पाहत राहिला. "हे तुमी स्वतः करून राह्यले?" "हव." तो ट्रक मागे घेऊन गेला. बाकीच्या ट्रकवाल्यांना त्याने काय सांगितलं ते माहीत नाही, पण त्यानंतर फार थोडे ट्रक तिकडे वळले.

काम ओट्यापाशी आलं, तेव्हाची एक गोष्ट मी विसरले नाही. मामाजी ओट्याचा निखळलेला दगड बसवत होते. मी चुना देत होते. आमच्या वस्तीतले एक म्हातारे शेतकरी, मामाजींच्याच वयाचे, काठी टेकत येऊन उभे राहिले. मामाजी माझ्याशी बोलत होते, की हा ओटा बांधून झाला त्या दिवशी मी दमून इथेच टेकलो, तर मला उठवलं. आपल्या लोकांनी इथे बसायचं नाही म्हणाले. मग छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून आलो, त्या दिवशी तुझ्या सासूला आणि पोरांना घेऊन दुपारभर इथे बसलो. कोणी काही बोललं नाही.

म्हातारे शेतकरी हळूच म्हणाले, "तुले उठवणारा मीच होतो."

मामाजींनी मान वळवली नाही. "माहीत आहे मले," ते म्हणाले. "हे दोरीचं टोक धर."

त्यांनी काठी खाली ठेवली आणि दोरी धरली. संध्याकाळपर्यंत धरून होते. दुसऱ्या दिवसापासून म्हातारे रोज येऊ लागले.

ऊन तापायला लागलं आणि इंजिनिअर साहेब मुरुमाचा अंदाज घ्यायला आले. चौकाच्या तोंडाशीच थबकले. सगळ्या फरश्या जुळून बसल्या होत्या, सांधे पांढरे स्वच्छ, ओटा अखंड. अख्खी वस्ती बाहेर आली होती.

साहेब म्हणाले, "दिसतं छान. पण पाण्याचं काय?"

आम्ही त्याचीच वाट पाहत होतो. वीस-बावीस बाया पाणी भरून तयारच होत्या. चिंचेच्या बुडापासून एकदम बादल्या रिकाम्या केल्या. पाणी फरश्यांवरून पसरलं, चारी बाजूंना वाटलं गेलं आणि घरांपुढच्या नालीत खळखळत उतरलं. साहेब खाली वाकले, एका फरशीवर तळहात ठेवला. ओल होती, पाणी नव्हतं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"मिस्तरी कोण?"

पहार आपटणारा तोच खाणकामगार ओरडला, "आमची मास्तरीण! अन् तिचा सासरा!"

मग जो आवाज झाला तो मी कधी ऐकला नव्हता. बाया टाळ्या वाजवत होत्या, कोणी तरी थाळी बडवत होतं. माझी सासू, जिने मला चारचौघांत कधी जवळ घेतलं नव्हतं, तिने माझे चुन्याने फुटलेले हात धरून सगळ्यांना दाखवले. साहेबांनी टेप गुंडाळून खिशात घातला. "मी लिहून देतो," ते म्हणाले, "इथे रस्त्याची गरज नाही. आणि तोंडाशी दगडाचे खांब लावून देतो, म्हणजे ट्रक येणार नाही." पंधरा दिवसांत खांब लागले. चिंच जागच्या जागी राहिली.

खांब लागल्यावरच्या रविवारी चौकातच पंगत बसली. घरोघरचे तांदूळ एकत्र केले होते, वांग्याची भाजी होती, वरण होतं. म्हातारे शेतकरी आणि मामाजी शेजारी जेवायला बसले. मामाजींना ताटातलं दिसत नव्हतं, म्हणून मीठ कुठे आणि भाजी कुठे ते म्हातारे त्यांना सांगत होते.

पावसाळ्यानंतर रेल्वेरुळापलीकडच्या वस्तीतले चार लोक आमच्या घरी आले. त्यांच्या विहिरीभोवतीची फरसबंदी खचली होती. मामाजींनी येऊन बसवून द्यावी, अशी त्यांची विनंती होती.

मामाजी खाटेवरून म्हणाले, "माह्यापाशी काऊन आले? मिस्तरी तिथी उभी आहे, तिले विचारा."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेच्या वह्या तपासत होते. मी म्हटलं, "रविवारी येते. दोरी अन् चुना तयार ठेवा."

आणि त्या रविवारी मी गेले.